माझ्यावर ढकला

हरेश्वर नाखवा आमच्या घरी पहिल्यांदा आले ते स्वतःचा चहा घेऊन. रविवारची सकाळ होती. पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या आमच्या घराचे दोन जिने चढून आलेला एक बुटका, रुंद खांद्यांचा माणूस दारात उभा होता. काखेत जाडजूड फाइल, हातात निळा थर्मास. कॉलेजातल्या कुणीतरी त्यांना माझं नाव सांगितलं होतं. मी मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात भाषांतरं करतो, एवढीच माहिती त्यांना होती, आणि ती पुरेशी होती. सुनंदा, म्हणजे माझी बायको, चहाचं विचारायला बाहेर आली तर यांनी थर्मासचं झाकण काढून त्यात आपला आपण चहा ओतून घेतला होता.

"वहिनी, राग मानू नका," ते म्हणाले. "मी माझा चहा घेऊनच फिरतो."

"का? आमच्याकडचा चहा वाईट असतो असं ऐकलंत का कुठे?"

"तसा नाय वो. मी हॉस्पिटलांना माल विकतो. तिथं कोनाचा चहा प्यायचा नाय नि कोनाला पाजायचा नाय, असा नेम केलाय. मग कुठं प्यायचा नि कुठं नाय ह्याचा विचार करत बसायला लागतं. त्यापेक्षा सगळीकडंच बंद."

"आमच्या या घरात तुम्हाला कुठलं हॉस्पिटल दिसलं?" असं म्हणून सुनंदाने त्यांच्यासमोर कप आणून ठेवला. नाखवांनी कपाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि दोन्ही चहा संपवले. त्या नियमाला अपवाद आमच्याच घरात झाला, आणि पुढे बारा-तेरा वर्षं तो अपवादच चालू राहिला. अजून जिन्यावर जड पावलं वाजली की माझी नजर आधी येणाऱ्याच्या हाताकडे जाते. हातात बहुधा कुरिअरचं पाकीट असतं.

नाखवांचा कारखाना लघवीच्या पिशव्या बनवत असे. ऑपरेशन झालेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खाटेला लटकवतात त्या. हे मी लगेच सांगून टाकतो, कारण समारंभांमध्ये त्यांची ओळख करून देणारे लोक 'आरोग्यसेवा क्षेत्रातील अग्रणी उद्योजक' अशी सुरुवात करत आणि मग नाखवा उठून माइकवर सांगत, "नमस्कार. मी मुताच्या पिशव्या करतो." सभागृह हसे. ते स्वतः हसत नसत. आपण काय करतो हे समोरच्याला नीट कळलं पाहिजे, एवढाच त्यांचा हेतू असे.

मूळचे ते उरणच्या कोळीवाड्यातले. वडील मचव्यावर, आई बाजारात मासे विकायला. शिकून ते औषध कंपनीचे प्रतिनिधी झाले आणि बरीच वर्षं काळी बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात बसले. मग स्वतःचा छोटा कारखाना काढला. त्यामुळे त्यांची भाषा दोन थरांची होती. वर प्रतिनिधीची गुळगुळीत मराठी, खाली कोळीवाडा. विषय मनापासून आवडला की खालचा थर वर येई. माझ्यासमोर तर तोच कायम असायचा.

त्या फाइलमध्ये एक इंग्रजी नीतिनियमावली होती. वैद्यकीय वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांनी डॉक्टरांना भेटी देऊ नयेत, सहलींना पाठवू नये, मालाबद्दल खोटं सांगू नये, अशा अर्थाची. मोठ्या कंपन्यांनी, मोठ्या वकिलांकडून, मोठ्या वाक्यांत लिहून घेतलेली. नाखवांना ती छोट्या कारखानदारांसाठी मराठीत हवी होती. बँडेजवाले, हातमोजेवाले, सुया-सिरिंजवाले, हॉस्पिटलच्या खाटा बनवणारे, गावोगावचे वितरक अशांची एक संघटना पनवेलमध्ये होती आणि हे तिचे सचिव होते.

मी पानं चाळली आणि शेवटच्या कलमावर थांबलो. "नाखवा, ही नियमावली ऐच्छिक आहे."

"हो."

"म्हणजे पाळली नाही तर काहीच होणार नाही."

"काय पन होनार नाय."

"मग पाळील कोण?"

त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. "सर, आमची आये उरणला मासे विकायची. पाटीतला मासा उचलायची, कल्ला उघडायची नि गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायची. कल्ला लाल तर मासा ताजा. गिऱ्हाइकानं मागायच्या आधी दाखवायची. तिला काय सरकारनं सांगितलेलं?"

मी वाचणारा माणूस. नीतीवरची पुस्तकंही वाचली होती. कुठल्याही उदात्त गोष्टीचा फलक लागला की त्याखाली प्रायोजकाचं नाव शोधायची मला सवय आहे. तरीही मी ते काम घेतलं. का घेतलं हे तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, त्या माणसाने परत आपल्या घरी यावं असं मला वाटलं, एवढंच.

आईची बाकीची गोष्ट त्यांनी पुढच्या खेपेला सांगितली. तिला शेवटी हॉस्पिटलात ठेवलं होतं. खाटेला लावलेली पिशवी शिवणीतून गळत होती. नाखवांनी बनवणाऱ्याचं नाव वाचलं आणि ओळखलं. तो माल त्या हॉस्पिटलात कसा शिरला हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण त्या काळात असा माल शिरवण्याच्या धंद्यात तेही होते. कुणाच्या दवाखान्यात एसी, कुणाच्या घरी फ्रीज, कुणाच्या कुटुंबाला उटीची सहल. आईने ओली चादर चाचपली आणि विचारलं, "ह्या इकनाऱ्यानं कल्ले दाखवले नवते काय रं?"

"काय सांगू तिला?" नाखवा म्हणाले. "सर, भेट कोन देतो? ज्याला कल्ले दाखवायचे नसतात तो."

मसुदा माझ्या जेवणाच्या टेबलावर तयार झाला. माझी पहिली आवृत्ती मला स्वतःला फार आवडली होती. नाखवा ती कारखान्यात घेऊन गेले, मलाही नेलं, आणि दुपारच्या जेवणानंतर कामगार बायकांसमोर वाचायला लावली. ओवे, करंजाडे, उरण अशा गावांतून येणाऱ्या त्या बायका मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. वंदना नावाची त्यांची मुकादम होती. मी थांबल्यावर ती म्हणाली, "सर, चांगला हाय. पन वाक्याच्या मधीच कुठंतरी डोळा लागतो."

"कुठे?"

"सुरुवातीलाच."

सगळं पुन्हा लिहिलं. एका वाक्यात एकच गोष्ट. 'गिऱ्हाइकाने मागायच्या आधी माल उघडून दाखवीन' हे पहिलं कलम. 'माल विकत घेणाऱ्याला किंवा घ्यायला सांगणाऱ्याला कुठलीही वस्तू देणार नाही' हे दुसरं. चहावर मात्र संघटनेची अख्खी बैठक वाया गेली. बिस्किटांसह चहा ही भेट आहे का? बिस्किटं क्रीमची असतील तर? एक हातमोजेवाले म्हणाले, चहा पाजायचा नाही हा संस्कृतीचा अपमान आहे. नाखवांनी शांतपणे थर्मास टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ज्याला संस्कृती पायजे त्यानं आपली आपली आणावी." चहाचं कलम गाळलं गेलं. ते फक्त नाखवांनी पाळलं.

मग नियमावलीवर सह्या घ्यायला आम्ही गावं करू लागलो. सुट्टी असेल तेव्हा मीही जात असे. पहिली मोठी सभा गुजरातेतल्या एका शहरात होती. तिथल्या वितरकांना नाखवांनी हिंदीतून आपल्या आईची गोष्ट रंगवून सांगितली. मासा कसा उचलायचा, अंगठा कुठे घालायचा, कल्ला कसा टरकन उघडायचा, आतलं लाल कसं चमकलं पाहिजे. पहिल्या रांगेतल्या एका शेठजींनी रुमाल नाकाला लावला. दुसऱ्या रांगेतले दोघे उठून पाणी प्यायला गेले, ते परत आले नाहीत. सही एकाही माणसाने केली नाही. जेवणाच्या वेळी आमच्या टेबलावर आम्ही दोघेच होतो.

परतताना नाखवांनी गाडीत विचारलं, "सर, काय चुकला?"

"मासा."

"मासा कसा चुकंल?"

"नाखवा, त्या हॉलमध्ये कांदा खाणारे लोकसुद्धा मोजकेच होते."

ते इतके हसले की शेजारचा प्रवासी सरकून बसला. पण त्या दिवसानंतर त्यांनी भाषणाची रीत बदलली. कुठल्याही गावात गेले की आधी विचारत, "तुमच्याकडं चांगला दुकानदार माल कसा दाखवतो?" आणि मग ऐकत बसत. नाशिककडच्या माणसाने सांगितलं, द्राक्षांच्या पेटीतला खालचा थर वर काढून दाखवतात. सोलापूरच्याने चादर उलगडून उजेडासमोर धरायचा अभिनय केला. त्याच गुजराती शहरात आम्ही पुन्हा गेलो तेव्हा रुमालवाले शेठजी स्वतःच उठले. त्यांच्या वडिलांचं साड्यांचं दुकान होतं. साडीचा पदर सगळेच दाखवतात, म्हणाले, वडील आतलं टोकसुद्धा उलगडून दाखवायचे, कारण वीण बिघडलेली असली तर ती तिथे लपवलेली असते. त्या दिवशी तिथे सह्या झाल्या. कोल्हापूरला मगदूम म्हणून एक वितरक होते, थोराड, मोठ्या आवाजाचे. ते म्हणाले, "आमच्यात गुळाची ढेप फोडून दावत्यात. न फोडता दर सांगणाऱ्याला कोण उभा करत नाही." मगदूमांनी सही केली आणि लगेच विचारलं, "पण नाखवासाहेब, दिवाळीत काय करायचं?"

खरा प्रश्न तोच होता. एरवी वर्षभर सज्जन राहणं या लोकांना जमत होतं. दिवाळी आली की डॉक्टरांच्या घरी सुक्या मेव्याच्या पेट्या, चांदीची नाणी आणि त्याहून जड गोष्टी जात. न देणाऱ्याची ऑर्डर पाडव्यानंतर कमी होई. आपल्या नियमावलीत शिक्षा नव्हती, पण बाजारात होती.

यावर नाखवांनी जो उपाय काढला तो मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. मोबाईलवर इनकमिंग नुकतंच फुकट झालं होतं. दिवाळीच्या आधी ते सही केलेल्या प्रत्येकाला सांगून ठेवत, "अडचण आली की मला फोन कर." आणि मग ते दिवस फोनशेजारी बसून काढत. मी एकदा त्यांच्या ऑफिसात बसून ऐकलं आहे. पलीकडे मगदूम होते. त्यांचा आवाज फोनबाहेर येत होता.

"साहेब, डॉक्टर सोताच्या तोंडानं मागाय लागलाय. टीव्ही पायजे म्हणतोय. काय सांगू?"

"सांग, पनवेलला नाखवा नावाचा एक येडा हाय."

"आं?"

"सांग, तो सचिव हाय. मी काय दिला तर तो मला संघटनेतनं काढील, बोंब मारील, जगू देनार नाय. मला द्यायचंय वो डॉक्टर, पन तो येडा देऊ देत नाय. माझ्यावर ढकल."

"तुमाला शिव्या घालील की वो."

"घालू दे. कोल्हापूरच्या शिव्या पनवेलपर्यंत येईस्तोवर थंड होतात."

पुढचा फोन, तीच वाक्यं. माझ्यावर ढकल. काही जणांनी तरीही पेट्या पाठवल्या, काहींनी फोनच केला नाही. पण कितीतरी लोकांनी आपला प्रामाणिकपणा या एका माणसाच्या नावावर खपवला. कुणालाही धर्मात्मा व्हायला न लावता त्यांना सरळ वागू देणं, ही त्यांची युक्ती होती. दूरदूरच्या गावांतल्या, त्यांना कधीही न पाहिलेल्या डॉक्टरांच्या मनात पनवेलचा नाखवा म्हणजे एक खडूस, तिरसट, मिशीवाला इसम असावा. प्रत्यक्षात त्यांना मिशी नव्हती.

मग तो समारंभ आला. संघटनेचे अध्यक्ष होते सबनीस. त्यांना कुठल्याही गोष्टीचा सोहळा करता येत असे. नियमावलीवर बऱ्यापैकी सह्या झाल्यावर त्यांनी महामार्गावरच्या एका हॉटेलात 'नीतिमूल्य परिषद' भरवली. दारात गुलाबपाणी शिंपडणाऱ्या मुली होत्या. मागच्या फलकावर 'नीती' हा शब्द सोनेरी होता आणि प्रायोजकांची नावं त्याहून मोठी. प्रमुख पाहुणे डॉ. राजाध्यक्ष. मोठे सर्जन, स्वतःचं मोठं हॉस्पिटल, बोलणं मोजकं आणि चांगलं. नाखवांच्या कारखान्यातला निम्म्याहून अधिक माल त्यांच्याकडे जात असे, आणि तो केवळ पिशव्या गळत नाहीत म्हणून. वंदनाच्या हाताखालच्या बायकांची दुसरी पाळी त्या एका हॉस्पिटलावर चालत होती.

समारंभ रंगात आला आणि निवेदिका म्हणाली, "आता डॉक्टरसाहेबांचा सत्कार, सचिव श्री. हरेश्वर नाखवा यांच्या हस्ते." शाल आली, श्रीफळ आलं, आणि मागून दोघांनी मिळून एक समई आणली. उंच, चांदीचा मुलामा दिलेली. तिच्या बैठकीवर 'डॉ. अविनाश राजाध्यक्ष यांस सादर' असं कोरलेलं होतं. नियमावलीचा मसुदा मीच लिहिला होता, तरी मला त्या समईत काही वावगं दिसलं नाही. हॉलमधल्या कुणालाच दिसलं नाही. आपल्याकडे सत्कारात दिलेली वस्तू ही वस्तू असते हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

माइक चालू होता. त्यामुळे पुढचं सगळ्या हॉलने ऐकलं.

"सबनीस, हे काय?"

"समई."

"ते दिसतंय. कोनाला?"

"अहो, डॉक्टरांना! धरा लवकर, फोटो घ्यायचाय."

"ही तर भेट झाली."

"भेट कुठली? सत्कार आहे हा!"

नाखवांनी समई हातात घेतली. डॉक्टर उभे राहिले होते, त्यांचे दोन्ही हात पुढे आले होते. फोटोवाला गुडघ्यावर बसला होता. नाखवा तसेच उभे राहिले. मग त्यांनी समई खाली ठेवली आणि माइककडे वळले. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

"डॉक्टर, तुमचा मला आदर हाय. पन तुमी माझा माल घेता. ही तुमाला दिली तर त्या समोरच्या मगदूमला दिवाळीला फोनवर मी काय सांगू? त्यानं माझ्यावर ढकलायचं, तर मी कोनावर ढकलू?"

पुढे आलेले हात परत नेणं फार अवघड असतं. डॉक्टरांनी ते नमस्काराकडे वळवले. "योग्य आहे, अगदी योग्य," असं हसून म्हणाले. भाषण उत्तम केलं. जेवायला थांबले नाहीत.

हॉस्पिटलाने नकार कधीच दिला नाही. आधीचा साठा शिल्लक आहे, असं भांडारवाल्याने सांगितलं. मग पुढच्या महिन्यात बघू. मग एक दिवस दुसऱ्याच कंपनीचे खोके तिथे उतरताना नाखवांच्या ड्रायव्हरने पाहिले. दुसरी पाळी बंद करायची वेळ आली. मी कारखान्यात होतो तेव्हा वंदना हात पुसत त्यांच्या टेबलापाशी आली.

"दादा, समई दिली असती तर काय आभाळ पडला असता?"

"नसता पडला."

"मग?"

नाखवा पिशवीची शिवण बोटाने तपासत राहिले. "हात उचलला नाय, वंदे. समई जड होती, असा समज."

"आमी रोज खोके उचलतो, आमाला नाय काय जड लागत," ती म्हणाली आणि पाय आपटत गेली. तिचं बरोबर होतं. नाखवांनाही ते माहीत होतं. त्यांनी कुणालाही कामावरून काढलं नाही. सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात करंजाडेला मिळालेला आपला भूखंड विकला आणि कारखाना ओढत नेला. मुलगा त्यावरून कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलत नव्हता. मगदूमांनी कोल्हापूर-सांगलीकडच्या हॉस्पिटलांतून ऑर्डरी आणल्या, रुमालवाल्या शेठजींनी थोड्या आणल्या. जुने दिवस परत आले नाहीत. कारखाना तगला.

त्यांना स्वतःला लागलेली गोष्ट वेगळीच होती. ऑर्डर गेली त्यापेक्षा डॉक्टरांचा चारचौघांत अपमान झाला याचं त्यांना वाईट वाटे. "त्यांची काय चूक होती सर? त्यांनी मागितली नवती. मी आधी जाऊन विचारायला पायजे होतं सबनीसांना, काय देनार म्हणून. दुसऱ्यांना सांगत फिरलो, माल आधी उघडून बघा. मी बघितला नाय." माफी मागायला ते हॉस्पिटलात गेले. साहेब मीटिंगमध्ये आहेत, असं कळलं. पुन्हा गेले. ऑपरेशनमध्ये आहेत. एकदा मीही सोबत होतो. डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर, पेशंटांच्या नातेवाइकांच्या रांगेत, ते मांडीवर थर्मास घेऊन बसले होते. मध्येच त्यांनी झाकणात चहा ओतला आणि मला दिला. "घ्या. तुमी डॉक्टर नाय." दुपार उतरली. खोलीचं दार उघडत होतं, मिटत होतं. प्रत्येक वेळी ते अर्धवट उठत आणि परत बसत.

नाव कोरलेली समई दुकानदाराने परत घेतली नाही. दुसऱ्या कुणाला देता येईना, वितळवायला नाखवांचा जीव होईना. वर्तमानपत्रात गुंडाळून ती कारखान्याच्या माळ्यावर, पिशव्यांच्या खोक्यांमागे उभी राहिली.

मला आज आठवतात ते त्यानंतरचे रविवार. फाइल आता नसायची, थर्मास असायचा. संघटनेत काय चाललंय, कुठल्या गावात नवीन सही झाली, कोण घसरला, अशा गप्पा. मी सगळ्याला नाकं मुरडायचो. "नाखवा, जग असंच चालायचं," असं म्हणायचो. "असंच चालतं," ते म्हणायचे, "पन आपन बोलत तरी बसलोय." सुनंदा चहा आणायची आणि थर्मासमधला चहा तसाच परत जायचा. काही झालेलं नसायचं त्या सकाळींत. आता त्यांतली एखादी परत मिळावी म्हणून मी कुठल्याही परिषदेला, गुलाबपाण्यासकट, जाऊन बसायला तयार आहे.

शेवटच्या आजारात त्यांना आपल्याच कारखान्यातली पिशवी लागली. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मला खाटेखाली वाकून बघायला लावलं. "गळतेय?"

"नाही."

"शिवण वंदनाच्या हातची हाय. खालची बाजू बघा, थोडी डावीकडं झुकते तिची." मग डोळे मिटून म्हणाले, "दिवाळी आली काय?"

"अजून अवकाश आहे."

"फोन चार्ज करून ठेवा."

दिवाळीच्या आधीच ते गेले. शोकसभा कारखान्यातच, खोके बाजूला सारून ठेवली होती. व्हॉट्सअॅपवर सबनीसांनी पाठवलेल्या निमंत्रणात 'नीतिपुरुष' असा शब्द होता. नाखवा असते तर त्यांनी मला फोन करून त्याचा अर्थ विचारला असता. फोटोशेजारी दिवा लावायचा म्हटल्यावर घरची समई फारच लहान दिसू लागली. तेव्हा नाखवांच्या पत्नी सुमनवहिनी वंदनाला म्हणाल्या, "माळ्यावरची ती काढ. किती वर्सं पडून हाय." वंदनाने चिंचेने घासून ती लख्ख केली आणि फोटोशेजारी ठेवली. कोरलेलं नाव समोरच्या बाजूला आलं. बाजू फिरवावी हे कुणाला सुचलं नाही.

सबनीस बराच वेळ बोलले. मग कोल्हापूरहून आलेले मगदूम उठले. एवढा मोठ्या आवाजाचा माणूस, पण त्यांचं बोलणं पुढच्या रांगेलाही नीट ऐकू आलं नाही. "दिवाळी तोंडावर आलीया," ते म्हणाले. "आता ढकलायचं कुणावर?" आणि खाली बसले.

डॉ. राजाध्यक्ष उशिरा आले. हॉस्पिटल एका मोठ्या साखळीने विकत घेतलं होतं आणि ते निवृत्त झाले होते. आता कुणाचा माल घ्यायचा आणि कुणाचा नाही हे त्यांच्या हातात राहिलेलं नव्हतं. ते मागे एका खोक्यावर बसून राहिले. सगळ्यांची फुलं वाहून झाल्यावर पुढे आले, वाकले, आणि तसेच थांबले. समईवरचं नाव त्यांनी वाचलं होतं. एकदा त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

मी जवळच उभा होतो. मला ओळखून ते हलक्या आवाजात म्हणाले, "तो बाहेर बाकावर बसायचा, ते मला आतून दिसायचं."



समईतलं तेल संपत आलं होतं, वात तडतडत होती. वंदनाने तेलाची बाटली शेजारीच ठेवली होती. डॉक्टरांनी ती उचलली आणि मग हात मध्येच थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"मी तेल घातलं, तर तुमच्या नियमात बसतं का?"

नियम मी लिहिले होते, पण अशा प्रश्नांची उत्तरं द्यायचं काम माझं कधीच नव्हतं. ते ज्यांचं होतं ते फोटोतून, बिनमिशीचे, समोर बघत होते.

"घाला डॉक्टर," मी म्हणालो. "कोणी विचारलं तर नाखवांवर ढकला."